खाजनांचे बांध आणि वाढता समुद्र

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

भूरूपांतराविरुद्ध, म्हणजे शेती-डोंगरांच्या जमिनी बांधकामाकडे वळवण्याविरुद्ध, गोव्यातील गावोगावच्या ग्रामसभांत सध्या जे बोलले जाते, त्यात डोंगरकापणी आणि बागायती यांचा उल्लेख पुष्कळ असतो आणि तो असायलाच हवा. मात्र खाजनांकडे, म्हणजे नदीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीकडे, आपले पुरेसे लक्ष नाही. हवामानबदलाचा पहिला तडाखा याच जमिनीला बसणार असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

मांडवी, झुआरी, शापोरा, साळ या नद्यांच्या भरतीच्या टापूत आपल्या पूर्वजांनी बांध घालून मिळवलेली ही जमीन सुमारे १८ हजार हेक्टर भरते. राज्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे गोव्याचा जवळजवळ विसावा हिस्सा खाजनांचा आहे आणि त्यातला बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. तो कोरडा राहतो तो बांध आणि मानस (बांधातले पाणी सोडण्याचे दार) यांच्या बळावर. भरती आली की नदीच्या पाण्याच्या दाबाने मानशीचे लाकडी दार आपोआप मिटते आणि खारे पाणी बाहेर राहते; ओहोटी लागली की आतले पाणी त्याच दाराला ढकलून नदीत उतरते. ना वीज लागते, ना पंप.

मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली की दार मिटलेले राहते आणि डोंगरावरून उतरणारे सगळे पाणी ओहोटी लागेपर्यंत पोंयीत (खाजनातल्या पाण्याच्या खोलगट जागेत) आणि शेतात थांबते. पाणी थांबवण्याची ही जागा हेच खाजनाचे मोठे काम आहे आणि ते शेती न करणाऱ्यांच्याही उपयोगाचे आहे. आंतरसरकारी हवामानबदल समितीच्या (आयपीसीसी) सहाव्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटीमीटरने वाढली आणि त्यातही २००६ ते २०१८ या काळात ती वर्षाला ३.७ मिलिमीटर या वेगाने वाढली. हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, पण मानशीच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की दार उघडे राहण्याचा वेळ कमी होत जाणार, आतले पाणी बाहेर पडायला कमी अवधी मिळणार आणि म्हणून आत पाणी साठवायला आजच्यापेक्षा जास्त जागा लागणार. नेमक्या याच काळात आपण ती जागा मातीचा भराव टाकून बुजवत आहोत. एका सर्व्हे क्रमांकात भराव पडला की तिथले पाणी शेजारच्या शेतात आणि पुढे शेजारच्या वाड्यावर जाते. खाजनातून रस्ता नेताना पोंयीवर मोरीऐवजी दोन नळ टाकून मोकळे होण्याची पद्धतही तितकीच घातक आहे.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्यासाठी स्वतंत्र तरतूद करून खाजनांचे नकाशे तयार करावेत, व्यवस्थापन आराखडा करावा आणि तिथे विकासकामांना परवानगी देऊ नये, असे स्पष्ट लिहिले होते. दुसरीकडे नगरनियोजन कायद्यात आधी १६ब, मग १७(२) आणि २०२४ मध्ये ३९अ अशी कलमे येत गेली, ज्यांमुळे तुकड्या-तुकड्याने जमिनीचा विभाग (झोन) बदलण्याची वाट मोकळी झाली. १७(२) खालील नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. ३९अ मध्ये हरकतींसाठी ३० दिवसांची मुदत आहे; पण ज्या शेतकऱ्याच्या शेतात शेजारच्या भरावाचे पाणी येणार, त्याला ती सूचना वेळेत कळते का?

भराव थांबला तरी बांध आपोआप टिकणार नाहीत. पूर्वी बांधांची देखरेख गावकारी, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था, करत असे. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी हळूहळू कूळ संघटनांकडे गेली. काही संघटना आजही मनापासून काम करतात, पण अनेक ठिकाणी मानशीतल्या मासळीची पावणी (लिलाव) तेवढी नियमित होते आणि बांध पडून राहतो. मातीच्या बांधाला कुर्ल्या (खेकडे) बिळे पाडतात. मुठीएवढे बीळ त्याच आठवड्यात चिकणमातीने बुजवले तर काम दोन माणसांचे असते. ते राहून गेले तर अमावास्येच्या भरतीला तिथेच भगदाड पडते आणि मग शेतातले मीठ धुऊन निघायला काही पावसाळे जावे लागतात. आमच्या भागातील दुरुस्तीचा अर्ज संबंधित कार्यालयात होता. अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा असे होईपर्यंत मृग लागला आणि काम पुढच्या वर्षावर गेले. कोळंबीसाठी मुद्दाम बांध फोडणारे वेगळेच, त्यांच्यावर तर फौजदारी कारवाईच व्हायला हवी.

बांगलादेशाचा अनुभव इथे लक्षात घेण्यासारखा आहे. तिथे १९६० च्या दशकात किनाऱ्यावर मोठमोठे बांध घातले गेले; भरतीबरोबर येणारा गाळ शेतात पसरायचा थांबला, नद्यांच्या पात्रातच साचला आणि खुलना-जेसोर भागातील शेते वर्षानुवर्षे पाण्याखाली राहिली. १९९० मध्ये बिल डाकातिया येथील शेतकऱ्यांनी गाळ पुन्हा शेतात बसावा म्हणून स्वतःच बांध कापून भरतीचे पाणी आत घेतले, आणि पुढे सरकारनेही ही पद्धत ठरावीक बिलांमध्ये (खोलगट पाणथळ जागांमध्ये) अधिकृतपणे राबवली. वरून आखलेल्या योजनेला जे दिसले नाही ते शेतकऱ्यांना दिसले होते. हवामानबदलाशी जुळवून घेण्यासाठी विकसनशील देश आज बाहेरून निधी आणि तंत्रज्ञान मागत आहेत आणि त्यांचा तो हक्कच आहे. पण गोव्याकडे काही शतकांची चालती व्यवस्था हाताशी आहे, खाऱ्या मातीत तगणारा आणि भौगोलिक मानांकन मिळालेला कोरगुट भात आहे. ती व्यवस्था मोडून उद्या काँक्रीटच्या संरक्षक भिंतींसाठी कोट्यवधी रुपये खर्च करणे मला अक्षम्य वाटते.

म्हणून सरकारकडे माझी मागणी अशी आहे की खाजनातील प्रत्येक सर्व्हे क्रमांकाची यादी पंचायतीच्या फलकावर लावावी आणि त्या क्रमांकांसाठी कोणत्याही कलमाखाली विभाग बदलण्याचा अर्ज स्वीकारूच नये. बांध-दुरुस्तीचा निधी डिसेंबरपूर्वी कूळ संघटनांच्या हाती द्यावा, त्याचा हिशेब ग्रामसभेत वाचला जावा, आणि मे महिन्यात प्रत्येक मानशीची पाहणी गावातील जाणत्या शेतकऱ्यांना सोबत घेऊन व्हावी.

आपला विश्वासू,
एक वाचक
चोडण, तिसवाडी