पत्र्याच्या तीन तुकड्यांसाठी जाहीर आभारपत्र

ती. स्व. काका,
सा. न. वि. वि.

नाव छापले तर पुढच्या वेळी शेडचे दार उघडणार नाही, अशी ताकीद तुम्ही आधीच देऊन ठेवल्यामुळे या जाहीर पत्रात मी तुम्हाला केवळ ‘काका’ म्हणणार आहे. भोसरी एमआयडीसीत ज्यांना ओळखायचे ते ओळखतीलच. इतर वाचकांना एवढे सांगतो की, तेहतीस वर्षे टूलरूममध्ये डाय आणि मोल्डवर, म्हणजे कारखान्यातल्या साच्यांवर, काम करून निवृत्त झालेल्या आणि गोल्फचा एकही सामना न पाहिलेल्या एका कारागिराने, व्यावसायिक गोल्फ स्पर्धांच्या दौऱ्यावर खेळणाऱ्या माझ्यासारख्या खेळाडूचे वेज घडवले. ते कसे घडवले हे लिहिल्याशिवाय नुसते ‘आभारी आहे’ म्हणणे मला बरे वाटत नाही.

गोल्फ न खेळणाऱ्यांसाठी थोडा खुलासा करतो. नियमाप्रमाणे पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, ठेवता येतात आणि त्यांत तीन-चार वेज असतात. ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या) जवळचे फटके, बंकरमधली वाळू, उंच गवत ही सगळी जोखमीची कामे त्यांच्याकडे असतात. वेजच्या तळाला सोल म्हणतात. हा तळ सपाट नसतो, त्याची मागची बाजू पुढच्या धारेपेक्षा खाली उतरलेली असते आणि त्यामुळे जमिनीशी जो कोन होतो त्याला बाउन्स म्हणतात. बाउन्स पुरेसा असेल तर क्लब वाळूत रुतत नाही, होडीच्या बुडासारखा वरून सरकतो. पण तोच क्लब कडक जमिनीवर उसळतो, धार चेंडूच्या पोटात बसते आणि चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडच्या बंकरमध्ये जाऊन पडतो. परदेशात ज्याला बर्म्युडा म्हणतात ते गवत म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो तीच दूर्वा. उन्हाळ्यात तिच्याखालची माती विटेसारखी होते आणि पावसाळ्यात त्याच मातीत बूट रुततात, त्यामुळे एकाच हंगामात आम्हाला परस्परविरुद्ध असे दोन सोल हवे असतात.

हा मागचा फुगवटा कोणाच्या डोक्यातून आला, असे तुम्ही एकदा विचारले होते आणि मी जुन्या काळचे गोल्फपटू जीन सॅराझेन यांची गोष्ट सांगितली होती. अमेरिकेतील फ्लोरिडामधल्या न्यू पोर्ट रिची या गावी त्यांनी आपल्या निब्लिक या क्लबच्या मागच्या कडेला सोल्डर चढवून तळ जाड केला, तो घासून-घासून हवा तसा कोन मिळवला आणि १९३२ साली इंग्लंडमध्ये प्रिन्सेसच्या मैदानावर त्याच क्लबनिशी २८३ फटक्यांत ब्रिटिश ओपन जिंकली. त्यावर तुम्ही चष्मा वर करून म्हणालात, “म्हणजे डाग देऊन भर घातली होती. मग हे आपल्याच लाइनीतले काम आहे.” त्या दिवसापासून तुम्ही माझ्या वेजला ‘काठी’ म्हणणे सोडून ‘जॉब’ म्हणू लागलात, आणि माझ्या लेखी ती बढती होती.

जगातल्या मोठ्या दौऱ्यांवरील खेळाडूंना हे काम कोणाकडून करून घ्यावे याची चिंता नसते. कॅलिफोर्नियातील कार्ल्सबाड हे गाव गोल्फ क्लब बनवणाऱ्या बड्या कंपन्यांचे आगर आहे. मॉन्ट्रियलमध्ये जन्मलेले वेजचे कारागीर बॉब व्होकी यांचे नाव तिथल्या वेजवर कोरलेले असते. रॉजर क्लीव्हलँड यांनी १९७९ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि १९८८ मध्ये आणलेला त्यांचा ५८८ हा वेज अनेक वर्षे इतरांसाठी नमुना ठरला. अशा कंपन्यांचे कारागीर स्पर्धेच्या ठिकाणी फिरती कार्यशाळा घेऊन उभे असतात. खेळाडूने सोमवारी तक्रार सांगावी आणि गुरुवारी पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू होतो त्या जागी, नवा घासलेला वेज हातात घ्यावा. मी ज्या पायरीवर खेळतो तिथे एवढी चैन नाही, दुकानातून विकत घेतलेला वेज हाच शेवटचा शब्द असतो.

तुमच्याकडे येण्यापूर्वी मी एका दुकानात गेलो होतो. कडक जमिनीवर क्लब उसळतो ही माझी तक्रार ऐकताच तेथील माणसाने काहीही न मोजता सगळा सोल सरसकट घासून दिला. त्यामुळे उसळणे थांबले, पण वाळूत क्लब कुदळीसारखा घुसू लागला. मग दुसऱ्या वेजचा लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा कल, ५६ अंशांवरून ५४ वर आणताना लॉफ्टबरोबर बाउन्सही दोन अंशांनी कमी होतो हे त्याने सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. त्या हंगामात बंकरमधून मी किती फटके वाया घालवले ते आज मोजत बसत नाही.

माझी पिशवी वाहणाऱ्या कॅडीचे शेजारी म्हणून मी तुमच्याकडे आलो, तेव्हा पहिल्या दिवशी तुम्ही मशीनच चालू केले नाही. नवे हेड, म्हणजे क्लबचा चेंडूला लागणारा भाग, व्हाइसमध्ये धरून कोन मोजायचा बेव्हल प्रोट्रॅक्टर लावला, माझ्या सांगण्यावरून दहा अंश असायला हवा तो बाउन्स बारा निघाला, आणि तुम्ही तो वहीत लिहिला. मी माझ्या स्विंगबद्दल, मनगटाबद्दल, प्रशिक्षकाच्या सल्ल्याबद्दल बराच वेळ बोलत होतो. तुम्ही शांतपणे ऐकून एकच प्रश्न विचारलात: “ते असू दे. हे जमिनीला टेकते कुठे?” बारा वर्षे हा खेळ खेळूनही मला त्याचे उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता तुम्ही मार्किंग ब्लूचा डबा घेऊन सरावाच्या मैदानावर हजर होता. डायचे दोन भाग एकमेकांना कुठे टेकतात आणि कुठे टेकत नाहीत हे पाहण्यासाठी जसा निळा रंग फासतात, तसा तुम्ही तो माझ्या वेजच्या तळाला फासलात आणि मला आधी कडक जमिनीवरून, मग ओल्या वाळूतून फटके मारायला लावलेत. प्रत्येक दोन-तीन फटक्यांनंतर क्लब उलटा करून कुठला रंग पुसला गेला ते तुम्ही पाहत होता आणि वहीत आकृती काढत होता. शेजारी सराव करणारे सदस्य हा काय प्रकार आहे म्हणून थबकून बघत होते. त्यांच्याकडे तुम्ही ढुंकूनही पाहिले नाहीत. तासाभरात निकाल समोर आला. सरळ फटक्यात सोलचा मधला भाग व्यवस्थित काम करत होता; दोष होता तो क्लबचे तोंड आकाशाकडे उघडून मारताना टाचेकडच्या, म्हणजे दांड्याजवळच्या, आणि अगदी मागच्या कडेच्या धातूचा, कारण तो भाग जमिनीला आधी लागून धार वर उचलत होता. म्हणजे बाउन्स जास्त नव्हता, तो नको त्या जागी होता. दुकानातल्या माणसाने नेमका हवा असलेला भाग घासून टाकला होता!

पुढचे काम चार खेपांत झाले. सोलला आडवी आणि उभी अशी दोन्हीकडून गोलाई असल्यामुळे टेबलावर बांधून घासण्यात अर्थ नव्हता. तुम्ही हेड हातात धरून बेल्टवर फिरवत होता आणि जॉब तापून निळा पडू नये म्हणून दर थोड्या वेळाने पाण्यात बुडवत होता. पहिल्या दोन खेपांना तुम्ही मुद्दाम कमी घासलेत, कारण काढलेला धातू परत लावता येत नाही. शेवटी हेड सहा ग्रॅमने हलके झाले. हेडचे साधारण दोन ग्रॅम म्हणजे स्विंगवेटचा (क्लब फिरवताना हाताला जाणवणाऱ्या वजनाचा) एक अंक, या हिशेबाने क्लब डी-५ वरून डी-२ वर आला आणि माझ्या हाताला तो रिकामा वाटू लागला. तुम्ही वाद न घालता मागच्या बाजूला शिशाची पट्टी चिकटवलीत, आणि माझी तक्रार संपेपर्यंत ती कात्रीने कापत राहिलात.

एका गोष्टीचा मुद्दाम उल्लेख करायला हवा. क्लबच्या तोंडावरच्या बुजत आलेल्या खाचा, म्हणजे ग्रूव्ह, कोरून धारदार करून देण्याची तुमची तयारी होती. तेव्हा मी सांगितले की, मोठ्या व्यावसायिक दौऱ्यांवर १ जानेवारी २०१० पासून लागू झालेल्या नियमानुसार ग्रूव्हची रुंदी ०.०३५ इंच आणि खोली ०.०२० इंच यांपेक्षा जास्त चालत नाही, आणि कडेची गोलाई किमान ०.०१० इंच त्रिज्येची लागते. तुम्ही ते आकडे मिलिमीटरमध्ये करून पाहिलेत, आपल्याकडे ही गोलाई तपासण्याचे साधन नाही म्हणालात आणि क्लबच्या तोंडाला पुन्हा कधीही हात लावला नाहीत. मर्यादा इतक्या सहजपणे मान्य करणारा कारागीर मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

परंतु माझे खरे आभार आहेत ते पत्र्याच्या तीन तुकड्यांसाठी. काम मनासारखे झाल्यावर मी क्लब घेऊन निघालो होतो, तर तुम्ही तो काढून घेतलात आणि दोन दिवसांनी परत दिलात. त्या दोन दिवसांत तुम्ही टाच, मध्य आणि टोक अशा तीन जागांसाठी एक मिलिमीटर पत्र्याचे गेज कापून, कानशीने घासून, सोलच्या वळणाशी तंतोतंत जुळवले होते. ट्यूबलाइटसमोर धरले तर मधून उजेड दिसत नव्हता. मला तेव्हा त्याचे महत्त्व कळले नाही. वाळूत रोज सराव करणाऱ्याचे ग्रूव्ह लवकर झिजतात, वेज वारंवार बदलावा लागतो आणि नव्या हेडबरोबर खेळाडूची सगळी ओळख पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पुढच्या हंगामात मी कोरे हेड आणले, तुम्ही वही उघडलीत, तीन गेज लावत दीड दिवसात सोल घासून दिलात. पहिला चिप, म्हणजे ग्रीनजवळचा छोटा फटका, मारला तेव्हा कोणता वेज जुना आणि कोणता नवा हे मला डोळे मिटून सांगता आले नसते. त्यानंतर कडक जमिनीवर मी घाबरून वेजऐवजी पटर (चेंडू जमिनीवरून घरंगळत नेणारा क्लब) काढणे बंद केले आहे.

या सगळ्याचे तुम्ही माझ्याकडून फक्त बेल्टचे पैसे घेतलेत, आणि ते घेतानाही पावती दिलीत.

पुढच्या आठवड्यात ६० अंशांचे नवे हेड घेऊन येत आहे. त्याच्यावर क्रोम नाही, ते कोरे पोलाद आहे आणि ते मी मुद्दाम तसे मागवले आहे. उन्हात चमकू नये म्हणून अनेक व्यावसायिक खेळाडू असेच वेज वापरतात आणि त्यावर चढणारा गंज त्यांना चालतो. मागच्या वेळी तुम्ही प्रत्येक खेपेला हेड पुसून त्याला तेल लावून ठेवले होते, आणि गंजलेला जॉब टूलरूमच्या बाहेर पाठवायचा नाही या तुमच्या तत्त्वापुढे मी काही बोललो नाही. या वेळी मात्र हात जोडून विनंती आहे, काका: गेज लावा, वहीत लिहा, हवे तितके घासा, पण तेवढे तेल लावू नका.

आपला नम्र,
पहाटे सहाला तुमची वाट पाहणारा