मे महिन्यात बंद घाटातून मार्ग विकल्याबद्दल तक्रार

विषय : आल्प्स सेल्फ ड्राइव्ह पॅकेज, चुकीचा मार्ग आणि भरपाई

व्यवस्थापक,

आज फोनवर तुमच्या प्रतिनिधीने "घाट बंद असणं ही नैसर्गिक आपत्ती आहे, परतावा बसत नाही" असं सांगून माझी तक्रार परस्पर बंद केली. म्हणून आता लेखी कळवतो आहे.

स्वित्झर्लंडमधला ग्रिम्सेल घाट २१६४ मीटर उंचीवर आहे. तो दर हिवाळ्यात बंद होतो आणि साधारण मेअखेर ते जूनच्या सुमारास उघडतो. शेजारच्या फुर्का आणि सुस्टेन घाटांचंही तेच. यंत्रांनी बर्फ कापायचा, हिमस्खलनाचा धोका तपासायचा, मगच रस्ता खुला करायचा, हे तिथलं दरवर्षीचं काम आहे. यात आपत्ती कुठे आली? मेच्या मध्यावर ब्रिएन्झहून ग्रिम्सेलमार्गे झेरमॅट, असा दिवस तुम्ही आखलात आणि त्याचे पैसे घेतलेत.

घाटाच्या पायथ्याच्या इनर्टकिर्शेन गावात रस्त्याकडेच्या फलकावर ग्रिम्सेलसमोर लाल पट्टी होती. लाल म्हणजे बंद, हिरवी म्हणजे चालू. तिथून तुमच्या मदत क्रमांकावर फोन केला. उत्तर आलं, "सर, आमच्या सिस्टीमला रस्ता चालू दाखवतोय." फलक लाल आहे असं सांगितलं, तर "ॲप एकदा बंद करून परत उघडा." पुढे अडसर टाकलेला आहे असं सांगितल्यावर थोडा वेळ होल्डवर ठेवलं आणि मग सल्ला मिळाला, "दुपारपर्यंत थांबा, ऊन पडलं की बर्फ वितळेल." तो बर्फ काढायला यंत्रांना आठवडे लागतात! दुसरा मार्ग विचारला, तेव्हा ऐकवलं, "सीनिक रूट घेतला की थोडं ॲडव्हेंचर असणारच. तुमच्यासोबत कोणी अनुभवी ड्रायव्हर आहे का?" हे शेवटचं वाक्य मी विसरणार नाही. चूक तुमच्या कागदात, आणि शंका माझ्या गाडी चालवण्यावर.

दुसरा मार्ग होता आणि सोपाही होता. ब्रिएन्झहून थुन तळ्याच्या काठाने स्पीझ, तिथून वर कांडरश्टेग. तिथे गाडी सरळ रेल्वेच्या वाघिणीवर चढवायची, हँडब्रेक ओढायचा, गिअर टाकायचा आणि आतच बसून राहायचं. लोच्बर्ग बोगद्यातून साधारण १५ मिनिटांत गोपेनश्टाइन, मग ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून फिस्प आणि झेरमॅटच्या अलीकडचं टेश. आल्प्सचे मार्ग विकणाऱ्या कंपनीला हे तोंडपाठ असायला हवं.

त्यातही तुमच्या कागदावर "झेरमॅट, हॉटेलसमोर मोफत पार्किंग" असं छापलेलं आहे. झेरमॅटमध्ये पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाड्यांना प्रवेशच नाही. गाडी टेशला लावावी लागते, तिथलं पार्किंग सशुल्क असतं, आणि पुढची १२ मिनिटं शटल रेल्वेने जायचं असतं. तिचं तिकीटही वेगळं. वेंगेन आणि म्युरेनच्या पानांवरही गाडीचंच चित्र आहे. त्या गावांत पर्यटकाची गाडी नेताच येत नाही.

गाडी इटलीतल्या मिलानहून दिलीत, पण स्वित्झर्लंडच्या महामार्गाचा विन्येट, म्हणजे टोलचा परवाना, कुठेच नमूद नाही. तो ४० फ्रँकचा असतो. नसेल तर २०० फ्रँक दंड, वर विन्येटचे पैसे वेगळे. ई-विन्येट गाडीच्या नंबरावर निघतो, म्हणजे नंबर हातात आल्याबरोबर सीमेआधी काढायचा. एक ओळ छापली असती तरी पुरलं असतं.

पुस्तिकेतली एक सूचना मात्र जिवावर बेतणारी आहे : "उतारावर ब्रेक हलका दाबून ठेवावा." असं कधीही करू नये. सिम्प्लॉन घाटावरून गोंडो गावाकडे उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवला तर डिस्क तापतात, ब्रेक ऑइल उकळू लागतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. गिअर कमी ठेवायचा, ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये घालायचा, आणि ब्रेक ठामपणे दाबून लगेच सोडायचा. निळ्या पाटीवर पिवळा कर्णा दिसला की तो पोस्टबसचा, म्हणजे स्विस टपाल खात्याच्या प्रवासी बसचा रस्ता; तिथे बसला वाट द्यायची आणि तिच्या चालकाचं ऐकायचं. यातलं एक अक्षर पुस्तिकेत नाही.

इटलीतल्या कोमो तळ्यासाठी सातआसनी गाडी माथी मारलीत. पश्चिम काठावरच्या गावांतून जाणारा रस्ता इतका अरुंद आहे की समोरून बस आली की मागे सरकावं लागतं. त्याच काठावरच्या मेनाज्जिओहून गाडी फेरीबोटीत घालून पलीकडचं बेलाज्जिओ किंवा वारेन्ना गाठता येतं, हेही तुम्ही सुचवलं नाहीत.

इतकी वर्षं तुमचं नाव मी विश्वासाने इतरांना सुचवलं. यापुढे सुचवणार नाही.

मागणी अशी : ग्रिम्सेलच्या दिवसाचा पूर्ण परतावा, टेशचं पार्किंग आणि शटलचा खर्च, विन्येटचा दंड व त्यावर गाडी कंपनीने लावलेलं शुल्क. ब्रेकची सूचना आजच काढा. सध्या प्रवासात असलेल्या ग्राहकांना फोन करून दुरुस्ती कळवा. आणि पुन्हा सांगतो, दरवर्षी बंद होणारा घाट ही आपत्ती नव्हे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. फलकाचा फोटो आणि तुमची छापील पुस्तिका सोबत जोडली आहे.

एक ग्राहक