विलायती रायफल घेताना नाव नव्हे, बोल्ट बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या जिल्ह्यात वारसाहक्काने आलेल्या विलायती रायफलींचे जे भाव हल्ली सांगितले जातात, ते ऐकून गप्प बसवेना, म्हणून हे पत्र. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. घरात तिसरी असली तर ती बाहेर काढावी लागते. मग आजोबांची जर्मन मॉझर नाहीतर चेक ब्रनो रायफल विकायला निघते आणि नळीवर परदेशी नाव दिसलं की बार्शी-मोहोळकडचा एखादा बागायतदार डोळे झाकून पैसे मोजतो. मी गिरणीच्या टूलरूममध्ये उमेद घालवलेला टर्नर. त्यामुळे ओळखीचे परवानाधारक व्यवहाराआधी ‘जरा बघून द्या’ म्हणून बोलावतात.

पहिली गोष्ट म्हणजे हा भाव कारागिरीचा नाही, टंचाईचा आहे. नामांकित नेमबाज सोडले तर सामान्य माणसाला ऐंशीच्या दशकापासून परदेशी रायफल आणता येत नाही. जो जुना माल देशात आहे, तोच हात बदलत फिरतो.

३१५ बोअरचंच घ्या. इंग्रजांनी लष्कराची ३०३ गोळी प्रजेला वापरू दिली नाही, म्हणून ही दुसरी गोळी इथे रुजली. मूळची ती ऑस्ट्रियन ८ मिलिमीटर मॅनलिखर. त्या गोळीची बीएसए, म्हणजे सायकली आणि मोटारसायकली काढणारी बर्मिंगहॅमची कंपनी, तिची रायफल आणि आपल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याची रायफल शेजारी ठेवा. दोन्हींचा सांगाडा त्याच ली-एनफिल्ड या लष्करी रायफलीच्या घराण्यातला आणि बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा, अडवणारे खांदे दोन्हींत मागच्या बाजूला. बीएसएचं फिनिशिंग उजवं असतं, हे मी मान्य करतो. पण तेवढ्यासाठी कितीतरी पट पैसे? मी तरी देणार नाही.

मॉझरची गोष्ट वेगळी. १८९८ चा तो सांगाडा घडवलेल्या पोलादातून मिलिंग करून काढलेला. बोल्टला पुढे दोन लग, म्हणजे अडवणारे खांदे, मागे राखीव तिसरा. लांब पट्टीचा एक्स्ट्रॅक्टर मॅगझिनमधून वर येणाऱ्या काडतुसाची कड लगेच पकडतो आणि रिकामं टरफल बाहेर पडेपर्यंत सोडत नाही. ब्रनोची झेडकेके ६०० त्याच वळणाची. बोल्ट मागे ओढल्यावर तो डुगडुगतो, म्हणून लोक ‘झिजलाय’ म्हणत भाव पाडतात, आणि हाताला लोण्यासारखा लागला की खूश होतात. दोन्ही चूक. बोल्ट बंद झाल्यावर तो कसा बसतो, हे महत्त्वाचं.

अमेरिकेच्या विंचेस्टर ७० ने १९६४ मध्ये खर्च वाचवायला हा लांब एक्स्ट्रॅक्टर काढून टाकला. दस्त्यावरची जाळी हाताने कोरण्याऐवजी दाबून उमटवली. गिऱ्हाइकाने ते ओळखलं, आणि ६४ पूर्वीच्या रायफली आजही चढ्या भावाने जातात. मात्र स्वस्तात बनवलेलं सगळंच टाकाऊ नसतं. १९६२ च्या रेमिंग्टन ७०० चा रिसीव्हर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो तो सांगाडा, गोल सळईतून लेथवर काढलेला. काम सोपं, म्हणून स्वस्त, पण गोल असल्यामुळे तो दस्त्यात एकसारखा बसवता येतो आणि नेमही चांगला लागतो. टर्नर म्हणून मला ती अक्कलहुशारी आवडते.

आता बघायचं काय? आधी मालकाकडून रायफल रिकामी असल्याची खात्री करून घ्या. बोल्टवरचा आणि रिसीव्हरवरचा नंबर जुळवा. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसवलेला असेल तर काडतुसामागची फट बिघडते, आणि इथे इंचाचे काही हजारांशसुद्धा टरफल फाटायला पुरतात. लगच्या मागच्या बाजूला मार्किंग ब्लू, म्हणजे कुठे टेकतं ते दाखवणारा निळा रंग, लावून बोल्ट बंद करा. एकाच लगवर खूण उठली तर सगळा दाब तोच सोसतोय. मग नळीतून उजेडाकडे बघा. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्याचे क्षार नळीत राहायचे, हवेतला ओलावा ओढायचे आणि आट्यांत खड्डे पाडायचे. तेव्हा नळी गरम पाण्याने धुवायची ते यासाठीच. ते खड्डे कुठल्याही तेलाने भरत नाहीत. शिक्क्यांच्या कडा बोथट दिसल्या तर समजा, जुन्या लेथला रंग मारून विकतात तसं पॉलिश करून वर नवा काळा रंग चढवलाय. प्रूफचा शिक्का शोधा. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ पासून जादा दाबाचं काडतूस उडवूनच शिक्का मारतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात अक्रोडाचा दस्ता सुकतो, स्क्रू सैल होतात, तेही तपासा. आणि काडतुसं मिळणार का, हे विचारा! ७ मिलिमीटर मॉझर काडतुसाची देखणी इंग्रजी रिग्बी रायफल घेऊन शोभेलाच ठेवायची असेल, तर अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार बघून या, स्वस्तात पडेल. शिकारीचं म्हणाल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो विषय संपला. रानडुकरासाठीसुद्धा वनखात्याची परवानगी लागते.

माझी मागणी पोलीस प्रशासनाकडे आहे. परवानाधारकाला बंदूक दुसऱ्या परवानाधारकास विकण्याआधी ४५ दिवस लेखी कळवावं लागतं. या दीड महिन्यात कागदच तपासले जातात, हत्यार कोणी उघडून बघत नाही. पोलिसांकडे आर्मोरर, म्हणजे हत्यारं तपासणारे-दुरुस्त करणारे कारागीर, आहेत. त्यांनी रीतसर फी घेऊन काडतुसामागची फट मोजणारा गेज लावावा, नळी पाहावी आणि हत्यार उडवण्याजोगं आहे की नाही, एवढा दोन ओळींचा दाखला व्यवहाराच्या कागदांना जोडावा.

आपला,
एक निवृत्त टर्नर
अशोक चौक, सोलापूर