चिऊचं दुपटं

प्रिय विन्या,

चिऊच्या फाटक्या दुपट्याचं काय करावं असं तू फोनवर विचारलंस, पण तू ऑफिसच्या गडबडीत होतास, आणि इकडे आई माझ्यामागे उभी राहून खुणा करत होती, ‘टाकू नको म्हणावं त्याला.’ म्हटलं, सविस्तर लिहावं.

दुपटं मधोमध मच्छरदाणीसारखं विरलंय, झोपेत चिऊचं बोट त्यात अडकतं, हे सगळं कळलं. त्याची डागडुजी हवी हे वहिनींचं म्हणणं अगदी रास्त. पण दिवाळीत गावी गेलात की हळूच गायब करायचं, हा बेत सोडा. पोरगी चार वर्षांची आहे लेका, तिला सगळं कळतं. दुकानातून तसंच गुलाबी आणलंत तर तिने ते कोचाखाली सारलं, यातच उत्तर आलं.

मागे एक प्रयोग वाचला होता, ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम या दोन मानसशास्त्रज्ञांचा, २००८ साली प्रसिद्ध झालेला. ३ ते ६ वर्षांच्या मुलांना त्यांनी वस्तूची हुबेहूब नक्कल करणारं ‘यंत्र’ दाखवलं. खरं तर नुसत्या दोन पेट्या आणि हातचलाखी. साध्या खेळण्याची नक्कल मुलं खुशाल घेत. पण ज्याच्याशिवाय झोप येत नाही असं पांघरूण किंवा अस्वल म्हटलं की काहींनी ते पेटीत ठेवूच दिलं नाही, आणि ज्यांनी ठेवलं त्यांतल्या बहुतेकांना आपलं जुनंच परत हवं होतं. तुम्ही तोच प्रयोग घरी केलात, पैसे घालून.

आणि चिऊचं काही बिघडलंय असं मनात आणू नकोस. डोनाल्ड विनिकॉट या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने १९५१ मध्येच या चिंध्यांवर निबंध वाचला होता. त्याच्या मते हे वाढीतलं नेहमीचंच. वस्तूत बदल करायचा तर तो मुलानेच करावा, मोठ्यांनी नाही. धुतली तरी मुलाच्या अनुभवात खंड पडतो, म्हणून आया ती मळकी, वासाची राहू देतात. मी हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘वाकळ कवा नवी असती व्हय? जुनी फाटली की नव्याच्या पोटात घालायची.’

झालं, उपाय हाच. तुझ्याकडे काकांचं जुनं धोतर असेल, नाहीतर वहिनींची धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी. नवं कापड अजिबात नको. ते पहिल्या धुण्यात आटतं आणि टाक्यापाशी जुन्याला ओढून फाडतं. धोतराचे दोन तुकडे दुपट्यापेक्षा चार बोटं मोठे कापायचे, एक खाली, एक वर, मध्ये दुपटं. आधी लांब कच्चे टाके घालून तिन्ही थर बसवायचे, मग कडेकडेने धावदोरा घालत आत यायचं. सुई बारीक, दोरा एकेरी, आणि टाका ओढायचा नाही. आई विरलेला भाग उजेडासमोर धरून बघते आणि तिथे टाके जवळजवळ घेते.

आता मुख्य गोष्ट. चिऊ कोणता कोपरा चोळत झोपते ते नीट बघ. माझी पैज आहे, काकूंच्या इरकली लुगड्याच्या काठाचा तो गुळगुळीत तुकडा असणार. तो कोपरा झाकायचा नाही, उघडा बाहेर ठेवायचा. हे चुकलं तर बाकी सगळी शिलाई फुकट.

शिवायचं ते तिच्यासमोर, थोडं थोडं, आणि झोपेच्या वेळी दुपटं तिच्या हातात. कुठल्या रंगाचा दोरा, ठिगळ कुठे, हे तिला ठरवू दे. वेडंवाकडं झालं तर होऊ दे.

धुणं शिवण्याआधी नाही, शिवल्यावर. जुन्या अभ्र्यात घालून तोंड बांधायचं, रिठ्याच्या कोमट पाण्यात दाबून काढायचं. पिळायचं नाही, दोरीवर टांगायचं नाही. ओल्या कापडाचं वजनच त्याला फाडतं. टॉवेलात गुंडाळून दाबायचं आणि सावलीत खाटेवर पसरायचं. सकाळी लवकर धुतलंत तर रात्रीपर्यंत वाळेल, नाहीतर त्या रात्री तुमची खैर नाही.

शाळेत न्यायचा हट्ट धरला तर मला एवढंच सुचतं की सुटलेली एखादी चिंधी फ्रॉकच्या खिशात आतून टाचून द्यावी. आमच्या बंड्याचा अभ्रा दुसरीत कधीतरी आपोआप मागे पडला. आता विचारलं तर त्याला आठवतही नाही. विनिकॉटही म्हणतो, मुलं त्याचा शोक करत नाहीत, त्यातला अर्थच हळूहळू ओसरतो. वहिनींना सांग, लग्नात रुखवतावर मांडायची वेळ येणार नाही.

तुम्हा दोघांनाही सुई धरता येत नसेल, तर सुट्टीत कोल्हापूरला या, आई बसून करून देईल. फक्त चिऊला आणि दुपट्याला एकत्र आणा. कुरिअरने पाठवू नकोस म्हणते, हरवलं तर पोरीला तोंड कोण दाखवणार!

तुझा,
सुभ्या