राष्ट्रीय पुरस्कारविजेते मराठी चित्रपट मुलांना दाखवा

महोदय,

७१व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या बातम्यांत शाहरुख खान, विक्रांत मेस्सी आणि राणी मुखर्जी यांचे फोटो ठळक झळकले. तिघांचाही हा पहिलाच राष्ट्रीय पुरस्कार, तेव्हा ते साहजिकच होते. पण २०२३च्या चित्रपटांच्या या यादीत मराठीने काय कमावले, हे चार ओळींपलीकडे फारसे कुठे वाचायला मिळाले नाही, म्हणून हे पत्र.

बालकलाकाराचा पुरस्कार पाच मुलांत विभागून दिला गेला आणि त्यातली चार मुले मराठी चित्रपटांतली आहेत! ‘नाळ २’मधले त्रिशा ठोसर, श्रीनिवास पोकळे, भार्गव जगताप आणि ‘जिप्सी’तला कबीर खंदारे. पाचवी मुलगी तेलुगू चित्रपटातली. ‘नाळ २’ सर्वोत्कृष्ट बालचित्रपटही ठरला. पदार्पणातल्या दिग्दर्शनाचा मान ‘आत्मपॅम्फ्लेट’साठी आशिष बेंडे यांना मिळाला. मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला सुजय डहाके यांचा ‘श्यामची आई’. १९५४ साली हे पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले, तेव्हाही देशातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’नेच पटकावले होते. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ला त्या वर्षी गुणवत्ता प्रमाणपत्र मिळाले, यावरून त्या पदकाचे मोल कळावे.

२३ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीच्या विज्ञान भवनात चिमुरडी त्रिशा साडी नेसून राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्याकडून पदक घ्यायला गेली, तेव्हा सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. तो व्हिडिओ घरोघरी मोबाइलवर पोचला. माझ्या चौथीच्या वर्गातल्या मुलांनी विचारले, “बाई, हिचा पिक्चर कुठे लागलाय?” मोठ्या पडद्यावर कुठेच नाही, एवढेच मला सांगता आले.

मुळात हे चित्रपट लागले तेव्हा तरी किती जणांना पाहता आले? ‘नाळ २’ आणि ‘श्यामची आई’ दोन्ही १० नोव्हेंबर २०२३ला, ऐन दिवाळीत प्रदर्शित झाले. दोनच दिवसांनी सलमान खानचा ‘टायगर ३’ आला. एकच पडदा असलेल्या तालुक्याच्या गावी सणात कोणता खेळ लावणार, हे सांगायला नको. थिएटरवाल्याला मी दोष देत नाही, त्यालाही विजेचे बिल भरायचे असते.

म्हणून सांस्कृतिक कार्य विभागाला कळकळीची विनंती आहे. पुरस्कार जाहीर झाले की त्या वर्षीचे विजेते मराठी चित्रपट निदान आठवडाभर जिल्ह्या-तालुक्याच्या चित्रपटगृहांत सकाळच्या खेळाला लावावेत. शाळांसाठी सवलतीचे तिकीट असावे आणि चित्रपटगृहाचा तोटा सरकारने भरून द्यावा. जिथे थिएटर उरलेले नाही, तिथे नाट्यगृहात किंवा शाळेच्या सभागृहात पडदा लावता येईल. सुरुवात बालचित्रपटांपासून करावी. ‘नाळ २’साठी माझा वर्ग उद्याही यायला तयार आहे.

— एक प्राथमिक शिक्षिका, संगमेश्वर (जि. रत्नागिरी)