सेवक काढला, पण आजी-आजोबांचे काय?

संपादक महोदय,

वृद्धाश्रमात मारहाणीचा आरोप झाला की चालकांचे उत्तर ठरलेले असते, ‘त्या मावशींना आम्ही काढून टाकलं.’ सेवक पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत आलेली व्यक्ती ब्युरोकडे परत जाते आणि दुसऱ्या आश्रमात कामाला लागू शकते. इकडे अंगावरचे वळ पुसट होतात आणि पुरावाही जातो.

तक्रार येताच संबंधिताला त्याच दिवशी रहिवाशांच्या सेवेतून बाजूला करावे. चौकशीत त्याचेही म्हणणे ऐकून घ्यावे, पण मजला बदलणे किंवा रात्रपाळीला टाकणे हा उपाय नव्हे. रात्री तर एकेकट्या सेवकावर सगळा मजला असतो. आजींची खोली मात्र हलवू नये. स्मृतिभ्रंश असेल तर अनोळखी खोलीत गोंधळ वाढतो आणि आपणच काही चूक केली असे त्यांना वाटते.

डॉक्टरी तपासणी त्याच दिवशी हवी. म्हातारपणी कातडी पातळ होते, त्यात रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर जरा धक्क्यानेही डाग पडतो. चालक नेमके हेच कारण पुढे करतात. म्हणून डाग कुठे आहे ते पाहावे. नडगीवरचा डाग कॉटला आपटूनही होतो. दंडाच्या आतल्या बाजूला बोटांचे ठसे, कानामागचा किंवा मानेवरचा डाग, दोन्ही मनगटांभोवती वळ हे घट्ट धरल्याचे वा बांधल्याचे लक्षण असू शकते. डागाशेजारी मोजपट्टी ठेवून दिवसाउजेडी फोटो काढावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढावा, कारण खोल मार उशिरा वर दिसतो.

सीसीटीव्हीचे चित्रण साठवणाऱ्या यंत्राची (डीव्हीआर) डिस्क भरली की जुने चित्रण आपोआप पुसले जाते. तेव्हा चित्रण जपून ठेवा असे चालकांना लगेच लेखी कळवून पोच घ्यावी, प्रत पोलिसांना द्यावी. औषधांची नोंदवही आणि उरलेल्या गोळ्या जुळवून पाहाव्यात. झोपेच्या गोळ्या जास्त दिल्या असतील तर तिथेच कळते.

विचारपूस मेट्रन वा मालक समोर नसताना व्हावी. ‘तिनं मारलं का?’ असे न विचारता ‘हे कसं लागलं?’ असे विचारावे आणि उत्तर जसेच्या तसे लिहावे. साठीपुढच्या पुरुषांना, तसेच कोणत्याही वयाच्या महिलेला जबाबासाठी पोलीस ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 179). पोलिसांनीच राहत्या ठिकाणी यायचे असते. कुठे जावे हे सुचत नसेल तर ज्येष्ठांसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे.

तक्रारीनंतरचे दिवसही जपावे लागतात. नातेवाइकांनी न कळवता, वेगवेगळ्या वेळी जावे. बेल आणि पाणी हाताशी आहे का, डायपर वेळेवर बदलतात का, वजन घटते आहे का, हे बघावे. डूख धरला जातो तो इथे.

वृद्धाश्रमांबरोबरच घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी सक्तीची करणारे, आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाच्या कायद्याचे दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. ते पुन्हा आणावे आणि सेवकाला परत पाठवताना तक्रारीची लेखी नोंद देणे आश्रमावर, ती पुढच्या आश्रमाला दाखवणे ब्युरोवर बंधनकारक करावे.

– वृद्धसेवेतील एक परिचारिका, ठाणे