पुनर्रचना फसली ती जमिनीच्या प्रश्नावर

महोदय,

अमेरिकेतील यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेवर, म्हणजे पराभूत दक्षिणेला संघराज्यात परत घेण्याच्या आणि मुक्त झालेल्या गुलामांना हक्क देण्याच्या प्रयत्नावर, आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. १८७७ साली दक्षिणेतील सरकारांच्या पाठीशी असलेले केंद्रीय सैन्य मागे घेतले गेले आणि पुनर्रचना संपली, हे लेखातील प्रतिपादन घटनाक्रम म्हणून बरोबर आहे. परंतु ती फसली त्याआधी बारा वर्षे, १८६५ मध्येच, असे माझे मत आहे. कापूस पिकवणाऱ्या खानदेशातील वाचकाला त्याचे कारण उमगायला वेळ लागू नये.

त्या वर्षी जानेवारीत उत्तरेच्या सैन्यातील जनरल शर्मन यांनी दक्षिण कॅरोलिना, जॉर्जिया व फ्लोरिडाच्या किनारपट्टीवरील जमीन गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कुटुंबांना प्रत्येकी ४० एकरांपर्यंत देण्याचा आदेश काढला, आणि त्यानुसार सुमारे ४०,००० माणसे सुमारे ४ लाख एकरांवर वसली. एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांची हत्या झाली. त्यांच्या जागी आलेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी बंडखोर मळेवाल्यांना माफी दिली आणि त्यांच्या जमिनीही परत केल्या. हे सांगण्यासाठी ऑक्टोबरमध्ये मुक्त गुलामांसाठीच्या सरकारी खात्याचे प्रमुख जनरल हॉवर्ड यांना दक्षिण कॅरोलिनातील एडिस्टो बेटावर जावे लागले. जुन्या मालकांना क्षमा करा, असे त्यांनी सुचवले तेव्हा तेथील लोकांच्या समितीने लेखी उत्तर पाठवले. ज्याने आपल्याला झाडाला बांधून फटके मारले, आई-बहिणीलाही सोडले नाही, आणि जो आता त्याचीच शेती त्याने ठरवलेल्या दरात केल्याशिवाय रिकाम्या खोपटातही राहू देत नाही, त्याला क्षमा कशी करावी, असा त्याचा आशय होता. आपल्या लेखात ज्या सलोख्याचे कौतुक आहे, तो उत्तरेतील आणि दक्षिणेतील गोऱ्यांमध्ये झाला, आणि त्याची किंमत या माणसांनी मोजली.

गुलामगिरी संपवणाऱ्या, नागरिकत्व देणाऱ्या आणि मताधिकार देणाऱ्या अनुक्रमे तेराव्या, चौदाव्या आणि पंधराव्या घटनादुरुस्त्यांचे मोल मी कमी लेखत नाही. १८७० मध्ये कृष्णवर्णीय हायरम रेव्हल्स मिसिसिपीतून सिनेटवर गेले, सुमारे २,००० कृष्णवर्णीयांनी लहानमोठी सार्वजनिक पदे सांभाळली आणि दक्षिणेत सरकारी शाळांची व्यवस्था उभी राहिली. अडीचशे वर्षांच्या गुलामगिरीनंतर एवढ्या अल्पावधीत झालेले हे काम थोर आहे. मात्र मतदार ज्याच्या जमिनीवर राहत होता, त्याच्याच विरोधात त्याला मत द्यायचे होते. १८७३ मध्ये लुइझियानातील कोलफॅक्स येथे कृष्णवर्णीयांचे हत्याकांड झाले आणि १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातील आरोपींच्या शिक्षाही रद्द केल्या. ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याला अशा वेळी गावात पाय रोवून उभे राहता येत नाही.

बटाईची आणि उधारीची पद्धत यातूनच आली. दुकानदार बियाणे, पीठ, कापड उधार देई, उभे पीक तारण घेई आणि कापूसच लावा असा आग्रह धरी. हंगाम संपला तरी खाते फिटत नसे, आणि पुढची उधारी त्याच दारातून घ्यावी लागे. युद्धकाळात अमेरिकन कापूस थांबल्यावर इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांनी खानदेशचा कापूस चढ्या भावाने घेतला आणि १८६५ नंतर भाव कोसळले, हे आपण जाणतोच. शहादा तालुक्यात भिल्लांच्या जमिनी सावकारांकडे जाऊन जमिनीचे मालकच सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचे शेतमजूर, झाले होते. १९७० च्या दशकात भिल्ल नेते अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांनी लढा उभारला, तेव्हा या माणसांचा पहिला प्रश्न गेलेल्या जमिनीचाच होता. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा १९७४ चा राज्याचा कायदा त्याच काळातला आहे.

अमेरिकेतही हे ओळखणारे होते. तेथील खासदार थॅडियस स्टीव्हन्स यांनी मोठ्या मळेवाल्यांच्या जमिनी जप्त करून मुक्त कुटुंबांना ४० एकर देण्याची योजना काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेपुढे, मांडली होती. काँग्रेसने मताधिकार मान्य केला, ही योजना नाही. खासगी मालमत्तेला हात लावण्याची तिची तयारी नव्हती. लेखाचा दुसरा भाग येणार असल्याचे आपण कळवले आहे. त्यात स्टीव्हन्स यांच्या या योजनेला आणि दुकानदारांच्या उधारीच्या व्यवहाराला पुरेशी जागा द्यावी, ही विनंती.

— एक वाचक, शहादा (जि. नंदुरबार)